श्रावणातलं मीठ

"आजी, तुझं नाव छापलेलं पुस्तक कधी येणार?" असं तुम्ही दोघं तीन-चार वेळा व्हिडिओ कॉलवर विचारून झालं आहे. पुस्तक आलं. माझं नाव त्यात नाही. ते का नाही हे कॉलवर सांगायला घेतलं की तुमची आई विषय बदलते, मग तुमची शाळेची वेळ होते. म्हणून लिहून काढते आहे. वाचताना अडलात तर आईकडून वाचून घ्या. तिला मराठी चांगलं वाचता येतं, फक्त आळस आहे.

आधी त्या कादंबरीबद्दल सांगते. ती नव्वदेक वर्षांपूर्वी लिहिली गेली. लेखक गिरगावात राहणारे वकील होते. कादंबरी त्या काळी खूप गाजली, पुढे अभ्यासक्रमात लागली, आणि अभ्यासक्रमात लागलेल्या पुस्तकाचं जे होतं ते तिचं झालं. म्हणजे लोकांनी ती वाचायची थांबवली आणि तिला थोर म्हणायला सुरुवात केली. गोष्ट अशी: नायिका बाल्यातच विधवा झालेली, पण मॅट्रिकपर्यंत शिकलेली. तिचा भाऊ मिठाच्या खात्यात कारकून. त्याची बदली खाडीपलीकडच्या एका गावी होते, तिथे ती राहायला येते. मग मुंबईहून एक सुधारक तरुण पडावात बसून येतो. तो बोटीत बोलतो, धक्क्यावर बोलतो, भावाच्या पडवीत बसून बोलतो. विधवांनी पुन्हा लग्न केलं पाहिजे, हे तो एकंदर साठ पानं सांगतो. नायिका ऐकते. शेवटी लग्न ठरायची वेळ आली की तिला ताप येतो आणि ती मरते. त्या काळातल्या कितीतरी सुधारक कादंबऱ्यांत हा ताप असाच वेळेवर येतो. लेखकाला सुधारणा हवी असते, पण लग्नाची पंगत घालायची हिंमत नसते.

हे मी आज लिहिते आहे. गेल्या वर्षापर्यंत मी असं लिहिलं नसतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजीत एम. ए. केलं, आणि सव्वीस वर्षं वाशीच्या एका कॉलेजात इंग्रजी कादंबरी शिकवली. 'कादंबरी ही तिच्या काळाचा आरसा असते' या विषयावरचं माझं व्याख्यान ठरलेलं होतं. त्याच्या नोट्स निळ्या फाइलीत, विषयवार, खुणेच्या पट्ट्या लावून ठेवलेल्या आहेत. दरवर्षी त्यावर पंधरा गुणांचा प्रश्न येई आणि दरवर्षी विद्यार्थी माझीच वाक्यं मला परत लिहून देत. त्यांना मी बारा, तेरा गुण देई. स्वतःचं काही लिहिणाऱ्याला आठ.

त्यातलाच एक विद्यार्थी आता प्रकाशक झाला आहे. त्याने ही मराठी कादंबरी नव्याने काढायची ठरवलं आणि मला फोन केला. "मॅम, प्रस्तावना तुम्हीच लिहायची. कादंबरी आणि तिचा काळ. तुमचा विषय." मी हुरळले, हे कबूल करते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांवर बोलले, पण माझ्या नावाने दोन ओळी कधी छापल्या गेल्या नव्हत्या. तुम्हाला पाठवता येईल असं काहीतरी हातात येणार होतं. तीन महिने घालवून अकरा पानांची प्रस्तावना लिहिली, फेअर केली, पाठवली.

त्या प्रस्तावनेतलं सातवं पान मला सगळ्यात आवडत असे. ते सतराव्या प्रकरणाबद्दल होतं. ते प्रकरण म्हणजे कादंबरीचा कळस मानतात. श्रावणातली संततधार लागली आहे. नायिका भावाच्या घरातून निघून मिठागराच्या बांधावर उभी आहे. समोर मिठागरातल्या बायका भर पावसात मीठ ओढताहेत, राशी करताहेत, आणि केलेल्या राशी पावसात विरघळताहेत. त्यांतली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणते, "बाईसाहेब, आमचं आयुष्य असंच वाहून जायचं." नायिकेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागतं आणि तिला स्त्रीजातीच्या दुःखाचा साक्षात्कार होतो. यावर मी लिहिलं होतं: 'विरघळणारी मिठाची रास ही त्या काळातील स्त्रीच्या कष्टांची आणि अश्रूंची प्रतिमा आहे. मीठ हेही अश्रूंचंच घन रूप नव्हे काय?' हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून चहा करून घेतला होता. इतकी खूश होते.

आमच्या सोसायटीचं एक वाचक मंडळ आहे. दर शुक्रवारी पाच वाजता क्लबहाउसात. मला प्रस्तावनेचं काम मिळाल्याचं कळताच मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की या वेळी हीच कादंबरी वाचायची, सोसायटीचा मान आहे. अध्यक्ष मंत्रालयातून निवृत्त झाले आहेत. ते मंडळसुद्धा मंत्रालयासारखंच चालवतात. प्रत्येकाने नेमलेली प्रकरणं घरी वाचून यायची, एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, आणि अध्यक्ष चिठ्ठ्या उघडून त्या 'चर्चेस योग्य' आहेत की नाहीत ते ठरवणार. योग्य प्रश्न म्हणजे 'नायिकेच्या त्यागातून आपण काय शिकतो?' अशा जातीचे. उत्तर आधीच माहीत असलेले. मंडळात बारा-तेरा जण येतात. त्यांतले चारेक कादंबरी वाचतात, बाकीचे सामोसे येतात म्हणून येतात. त्यांचं मला काही वाटत नाही, निदान ते प्रामाणिक आहेत.

मंडळात एक ताई आहेत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. टेलिफोन ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाल्या, बी विंगमध्ये स्वतःचा फ्लॅट घेऊन राहतात. तरी मंडळात त्यांचा उल्लेख 'गावातल्या ताई' असाच होतो, कारण त्यांचं माहेर उरणकडचं, आगरी. आपल्या भागात अगदी कालपरवा राहायला आलेली माणसं चार पिढ्या इथेच राहिलेल्यांना 'गावातले' म्हणतात आणि स्वतःला इथले समजतात. ताई सहसा बोलत नाहीत. बोलल्या तर ऑफिसातल्यासारखं शुद्ध, सावकाश बोलतात. चिडल्या की घरची बोली येते.

सतराव्या प्रकरणाचा शुक्रवार होता. दोन दिवसांपूर्वीच प्रस्तावनेची मुद्रितं तपासायला आली होती आणि पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी परत द्यायची होती. मी ती सोबतच नेली होती. कोणी विचारलंच तर दाखवायला.

अध्यक्षांनी एक चिठ्ठी उघडली, चष्मा कपाळावर चढवला आणि हसले. "ही बघा, कोणीतरी गंमत केली आहे. 'श्रावणात मीठ कसं पिकलं?'"

"गंमत नाही, माझा प्रश्न आहे," ताई म्हणाल्या. "पावसाळ्यात मिठागर बंद असतं. सगळं पाण्याखाली असतं. तिथे बायका काय ओढताहेत?"

"अहो ताई, ही कादंबरी आहे. हवामान खात्याचं पत्रक नव्हे!" हशा झाला. अध्यक्षांच्या विनोदाला हसायचं ही मंडळाची अलिखित वर्गणी आहे.

"पण लेखकांनी श्रावण म्हटलंय ना? दोनदा म्हटलंय."

"ते प्रतीक आहे, ताई. प्रतीक!"

"प्रतीक भिजत नाय का?"

यावर कोणी हसलं नाही, कारण हसायचं की नाही ते अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून कळेना. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "आपल्याकडे तज्ज्ञ बसलेल्या असताना आपण कशाला वाद घालायचा? मॅडम, सांगा यांना समजावून."

मी सांगितलं. बारा मिनिटं बोलले. आरसा सांगितला, काळ सांगितला, वास्तव आणि कलात्मक सत्य यांतला फरक सांगितला, अश्रूंचं घन रूप तर दोनदा सांगितलं. दोन इंग्रजी कादंबऱ्यांतल्या वादळांचे दाखले दिले. ताई माझ्याकडे बघत होत्या. टेलिफोनवर तक्रार ऐकून घेणारा माणूस जसा समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतो, तशा. टाळ्या पडल्या. मग सामोसे आले.

लिफ्टपाशी आम्ही दोघीच उरलो. ताई म्हणाल्या, "छान बोलता तुम्ही, मॅडम. आमच्या ऑफिसात असता तर महिनाभर फोन बंद असलेली माणसंही थँक्यू म्हणून गेली असती."

मला राग आला. "तुम्हाला पटलं नाही का?"

"मॅडम, तुम्ही मिठागर बघितलंय?"

"हो. बसमधून."

"श्रावणात?"

मी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. लिफ्ट आली. दार धरून त्या म्हणाल्या, "गुरुवारी मी आईकडे चाललेय. येता? आता श्रावणच चालू आहे. आपण प्रतीक बघून येऊ."

मी गेले ते सत्याच्या शोधात गेले असं समजू नका. त्यांना खोटं पाडायला गेले. मनात ठरवलं होतं की एखाद्या तरी कोपऱ्यात कोणीतरी बाई फळीने मीठ ओढत असेल, तिचा फोटो काढायचा, आणि शुक्रवारी मंडळात दाखवायचा. फोन पूर्ण चार्ज करून नेला होता.

बसमधून उतरून रिक्षा केली आणि ताईंनी एका बांधावर थांबवली. समोर पाणी. नुसतं पाणी. मीठ पिकवायच्या आखलेल्या कोंड्या, बांध, पायवाटा, कशाचा मागमूस नाही. बगळे उभे होते आणि पाऊस त्या पाण्यावर पडत होता. लांब उंचवट्यावर एक ढिगारा दिसला, पेंढा आणि प्लॅस्टिकने झाकलेला, वर जुने टायर ठेवलेले.

"मीठ कुठे आहे?" मी विचारलं.

"ते काय तिथे. झोपलंय," ताई म्हणाल्या. "पाऊस यायच्या आधी झाकलं नाही तर वर्षाची मेहनत जाईल. हे इथल्या कुत्र्यालाही कळतं, मॅडम. भर पावसात मीठ ओढणाऱ्या बायका! असली माणसं कोणी कामावर ठेवली असती?"

मी छत्री धरून उभी होते आणि मला आठवत होतं ते सातवं पान. पाण्यात कशाची प्रतिमा शोधायची ते सुचेना. फोन पर्समध्येच राहिला.

तिथून आम्ही ताईंच्या भावाच्या घरी गेलो. त्यांची आई नव्वदीला टेकलेली, खाटेवर बसलेली, कान थोडे जड पण डोळे तेज. माझ्याकडे खालपासून वर बघून तिने विचारलं, "ही कोन गो?"

"आमच्या सोसायटीतल्या मॅडम. पुस्तकात लिवतात."

"कसल्या पुस्तकान?"

"मिठागराच्या."

"हिनी मीठ ओढलाय?"

"नाय."

"मंग?"

ताई हसल्या. मलाही हसावं लागलं. म्हातारीने तरुणपणी पंधरा-सोळा वर्षं मिठागरात काम केलं होतं. ताईंनी तिला सतरावं प्रकरण थोडक्यात सांगितलं. श्रावण आहे, पाऊस आहे, बायका मीठ ओढताहेत आणि रडताहेत. म्हातारीला आधी वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगायला लावलं. मग तिने कपाळाला हात लावला.

"श्रावनान कोन रडल गो? श्रावनान तर आमी सुटायचो!"

आणि मग ती बोलत राहिली. होळीच्या आधीपासून मृग लागेपर्यंत कंबर सरळ होत नसे. ऊन वरून आणि मिठावरून, दोन्हीकडून लागे. पायांना भेगा पडत, त्यांत खारं पाणी शिरे. हातात बांगड्या भरता येत नसत, कारण फळी ओढताना काच फुटून मनगट कापलं की त्या जखमेत मीठ जाई. एकेक बांगडी ठेवत आणि बाकीच्या उतरवून घरी ठेवत. पाऊस आला की मीठ झाकायचं, मग खाडीकाठच्या खारीच्या शेतात भात लावायचा, आणि भात लागला की श्रावणात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरून माहेरी जायचं. "राती नाचायचो, गानी बोलायचो. वर्सातना तेवराच महिना आमचा. आनि तुमचा तो बामन आमाला त्याच महिन्यान रडवतो? चैतान यायचा होता त्यानी बघायला, मंग दाखवला असता रडना."

लेखक ब्राह्मण होते की नव्हते मला आठवत नाही. मी दुरुस्ती करायला गेले नाही.

संध्याकाळच्या बसने परतलो. घरी आले, ओल्या चपला काढल्या आणि निळी फाइल काढून बसले. सव्वीस वर्षं मी ज्या वाक्यावर पगार घेतला, ते वाक्य खोटं नव्हतं. कादंबरी काळाचा आरसा असतेच. मी फक्त त्या आरशात कोण दिसतंय ते कधी नीट बघितलं नव्हतं. मला मिठागरातल्या बायका दिसत होत्या. तिथे त्या नव्हत्याच. तिथे गिरगावातले वकीलसाहेब होते, संध्याकाळी कोर्टातून येऊन, पंख्याखाली बसून लिहिणारे.

विचार करा. कादंबरी लिहिली गेली त्या दिवसांत मिठाचा सत्याग्रह ताजा होता, मीठ हा शब्द उच्चारला तरी सभेत टाळ्या पडत. शहरातला प्रत्येक शिकलेला माणूस मिठाबद्दल भावुक होता. म्हणून वकीलसाहेबांनी मीठ घेतलं. आणि त्या काळच्या वाचकांसाठी नायिका रडवायची तर श्रावण लागे, आषाढ चालत नसे, वैशाख तर नाहीच. म्हणून श्रावण घेतला. दोन्ही एकत्र करता येतात का, हे विचारायला पडावात बसून तासाभराच्या अंतरावर जायचं होतं. नायकाला त्यांनी चार वेळा त्या पडावात बसवलं. स्वतः एकदाही बसले नाहीत. त्यांच्या काळात शहराला खाडीपलीकडच्या बायकांची दया येत होती, चौकशी करावीशी वाटत नव्हती. हे जर त्या कादंबरीत दिसत नसेल तर काय दिसतं? आणि गंमत अशी की नव्वद वर्षांत एकाही टीकाकाराला, परीक्षकाला, प्राध्यापकाला ते खटकलं नाही. पुस्तक छापणाऱ्यांच्या, शिकवणाऱ्यांच्या, गुण देणाऱ्यांच्या या सबंध रांगेत मीठ ओढलेलं कोणी नव्हतं. त्या रांगेच्या टोकाला मी उभी होते आणि मिठागर बुजवून बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसून अश्रूंच्या घन रूपाबद्दल लिहीत होते. पावसाळ्यात आपल्या हॉलच्या भिंतीला लोणा येतो, मिठाचा पांढरा थर धरतो, पोपडे पडतात, आणि मी कंत्राटदाराला नावं ठेवत ते झाडून काढते. तरी माझ्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी मी मंडळात गेले नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार बसून प्रस्तावना नव्याने लिहिली. पानं तेवढीच, अकरा. सातव्या पानावर सतराव्या प्रकरणात काय चूक आहे आणि ती चूकच त्या काळाची सगळ्यात खरी खूण का आहे, हे लिहिलं. म्हातारीचं बोलणं लिहिलं, ताईंकरवी तिची परवानगी घेऊन. इतकं सरळ मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. सोमवारी सकाळी पाठवलं. दुपारी प्रकाशकाचा फोन.

"मॅम, हे काय? सतरावं प्रकरण तर आपला हायलाइट आहे!"

"माहीत आहे."

"कव्हरवर तेच चित्र घेतलंय. बाई, पाऊस, मिठाची रास. कव्हर छापून झालंय, मॅम."

"चित्र बदलायला सांगत नाही. प्रस्तावना बदलली आहे."

"पण वाचकाने आधी प्रस्तावना वाचली तर त्याला वाटेल पुस्तकात चूक आहे."

"आहे."

"असू दे ना! वाटायला नको." मग त्याचा आवाज एकदम प्रेमळ झाला. "मॅम, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. प्रतीकाला तर्क लावायचा नसतो. मी परीक्षेत लिहिलं होतं, तुम्ही तेरा गुण दिले होते."

याला म्हणतात पेरलेलं उगवणं. मी म्हटलं, "चुकून दिले. बाकी पानं हवी तर बाजूला ठेव, पण सातवं छाप."

"सातवं सोडून बाकी सगळं छापतो. तुमचं नाव आत पहिल्याच पानावर. तळटीपसुद्धा नको, मॅम, प्लीज."

तुम्हाला खरं सांगायचं तर मी लगेच नाही म्हटलं नाही. उद्या कळवते म्हटलं. दहा पानं माझी, नाव माझं, तुम्हाला पाठवायला पुस्तक. एक पान गेलं तर कोणाला कळणार होतं? त्या म्हातारीला तर वाचताही येत नव्हतं. हा शेवटचा विचार मनात आला आणि मला स्वतःची लाज वाटली, कारण वकीलसाहेबांनीही नेमका हाच विचार केला असणार. किंवा तोही केला नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता फोन करून मी सगळी अकरा पानं परत घेतली.

प्रस्तावना मग प्रकाशकाने आमच्या अध्यक्षांकडून लिहून घेतली. चार दिवसांत. त्यांना ना कादंबरीचा अभ्यास, ना काळाचा, पण वेळेत काम पूर्ण करायची सरकारी शिस्त दांडगी. पाचव्या पानावर एक वाक्य आहे: 'मीठ हे जणू अश्रूंचेच घन रूप!' माझ्या वाक्यातलं प्रश्नचिन्ह काढून त्यांनी उद्गारचिन्ह घातलं आहे. माझी हरकत नाही. ते वाक्य त्यांनाच शोभतं.

प्रकाशन सोसायटीच्याच हॉलमध्ये झालं. शाली, श्रीफळं, पाण्याच्या छोट्या बाटल्या. कव्हरवर एक गोरी, नाजूक बाई कोरड्या पदराने पावसात उभी आहे आणि मागे पिरॅमिडसारखी मिठाची रास, तिच्यावर थेंबसुद्धा नाही. ताई आणि मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. चार भाषणांनंतर अध्यक्षांना ज्येष्ठांची आठवण झाली आणि त्यांनी मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी बोलले. म्हटलं, "या पुस्तकाचं सतरावं प्रकरण खोटं आहे. पावसाळ्यात मीठ पिकत नाही. लेखकाने मिठागर पाहिलं नव्हतं, मीही पाहिलं नव्हतं, आणि तरी आम्ही दोघांनी त्यावर लिहिलं. मला वाटतं अध्यक्षांनीही पाहिलेलं नाही."

टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या. माईक घेऊन ते म्हणाले, "किती हा विनय! मॅडमसारखी विद्वान व्यक्ती म्हणते आहे की मला काही माहीत नाही!" पुन्हा टाळ्या. मी खाली येऊन बसले.

ताई कानाशी वाकून म्हणाल्या, "मॅडम, कोणी ऐकलं नाही."

"दिसलं मला."

"तुमची ती पानं आहेत ना घरी? आईला वाचून दाखवा एकदा. ती विचारत असते, त्या बाईनी काय लिवलान."

पुढच्या आठवड्यात गेलो. पाऊस संपून दोन महिने झाले होते, बांध दिसायला लागले होते आणि काही माणसं चिखलात उतरून ते नीट करत होती. म्हातारीच्या खाटेशी खुर्ची ओढून मी अकराच्या अकरा पानं वाचली. अवघड शब्द आला की ताई मध्येच सोप्या भाषेत सांगत. स्वतःचं बोलणं आलं तेव्हा म्हातारीने मान हलवली आणि म्हणाली, "हा, आसाच बोलली मी." त्याहून जास्त कौतुक केलं नाही. मी वाचून कागद घडी घालून ठेवले. म्हातारी खाटेवर पुढे सरकली.

"मंग त्या बाईचा लगीन झाला का?"

"नाही," मी म्हटलं. "ती शेवटी तापाने मरते."

"कसला ताप?"

"ते लिहिलेलं नाही."

म्हातारीने मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एवरी शिकलेली पोर, तो बाप्या दारान येऊन बसलेला, आनि त्या वकिलाना तिचा लगीनबी लावता आला नाय? नुसता मीठ भिजवीत बसला?"

मी पर्समधून पेन काढलं आणि सातव्या पानाच्या समासात ते लिहून घेतलं. ते पान या पत्रासोबत आहे. बाकीची दहाही आहेत, क्रमांक घालून.